बाबांनी नाकारलेले पाच कॅमेरे

माझे वडील देवीदास म्हणजे शेंदूरजनाघाटचा चालता-बोलता तराजू. संत्र्याच्या बागेचा सौदा करायचा असला, की शेतकरी आणि व्यापारी दोघंही त्यांनाच बोलावतात. बाबा झाडासमोर उभे राहतात, डावा डोळा मिटतात, उजव्या डोळ्यानं झाड एकदा खालून वर बघतात आणि म्हणतात, "साडेनऊशे." झालं. मग ती फळं पुन्हा कोणी मोजायची नाहीत, असा आमच्याकडचा रिवाज. त्या आकड्यावर सौदा होतो. तीस वर्षं आमचं घर बाबांच्या त्या एका डोळ्यावर चाललं आहे.

अशा माणसाला एक कॅमेरा पसंत करता येऊ नये?

फोटोचा नाद त्यांना पहिल्यापासून. संत्र्याच्या फुलावरची मधमाशी, बांधावरचा सरडा, झोपलेली आमची आई, जे दिसेल ते मोबाईलवर टिपायचं आणि मग "पाखरू जवळ येत नाई याच्यात" म्हणून कुरकुरायचं. अमरावतीला मला नोकरी लागली तेव्हा मी कबूल केलं, तुम्हाला डीएसएलआर घेऊन देते, पंचवीस हजारांच्या आतला. हल्ली लग्नाचे फोटोवाले नव्या धर्तीचे कॅमेरे घेतात आणि जुने डीएसएलआर स्वस्तात काढतात. मी महिनाभर अभ्यास केला. शटर किती वेळा पडलं ते विचारायचं, लेन्समध्ये बुरशी आहे का ते उजेडात धरून बघायचं, बॅटरी फुगलेली नको. वहीत सगळं लिहून ठेवलं.

पहिल्या दुकानात बाबांनी कॅमेरा सवयीनं उजव्या डोळ्याला लावला आणि लगेच खाली ठेवला. "धूसर हाय." दुसऱ्या दुकानात तेच. तिसऱ्या दुकानात "धूसर हाय" म्हणाले तेव्हा माझं डोकंच सणकलं.

"बाबा, माह्यासाठी पोरगं पाहाल तवा एवढ्या खोडी काढा. कॅमेऱ्यात काहून काढता?"

त्यांच्या हातातून कॅमेरा हिसकून घेतला आणि मीच डोळ्याला लावला. रस्त्यापलीकडच्या पाटीवरचा फोन नंबरसुद्धा लख्ख वाचता आला. माझा राग कुठल्या कुठे गेला.

कारण मला शेषरावांची बाग आठवली. वरूडचे शेषराव बाबांचे जुने मित्र. औंदा त्यांच्या बागेत बाबांनी झाडामागे नऊशे फळं सांगितली होती. तोड झाली, गाडी भरली, तेव्हा सहाशेच्या वर काही निघेना. बाबांच्या आकड्यावर फळं मोजायची वेळ पहिल्यांदाच आली. शेषराव हसून म्हणाले, "फयगय झाली असंन, देवीदासभाऊ." तोडीआधीच फळं गळली असतील, म्हणून सगळ्यांनी मान डोलावली. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

तिसऱ्या दुकानातूनच त्यांना डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. नेलं नाही. मी भित्री. मी चौथं दुकान शोधलं. मग पाचवं. दर वेळी ते कॅमेरा डोळ्याला लावायचे, मी श्वास रोखून उभी राहायची आणि ते म्हणायचे, "धूसर हाय." मी दुकानदारावर उगाच डाफरायची. परत येताना आम्ही दोघं लेन्सच्या बुरशीवर तावातावानं बोलायचो.

मग अकोल्याच्या अमोलची जाहिरात दिसली. लग्नाचे फोटो काढणारा पोरगा, कॅमेरा चार वर्षं वापरलेला, सोबत लांबची लेन्स. रविवारी बसनं निघालो. वाटेत बाबांनी तीनदा विचारलं, "बोरगाव आलं का वं?" त्या गावाची पाटी समोरून गेली तेव्हाही ते डावा डोळा मिटून खिडकीतूनच बघत होते.

अमोल पहिल्या मजल्यावर राहत होता. त्यानं गॅलरीत नेऊन कॅमेरा बाबांच्या हातात दिला. बाबांनी उजव्या डोळ्याला लावला. मी वहीत डोकं खुपसलं.

"धूसर हाय."

"काका, थांबा," अमोल म्हणाला. "डोयाजवळ हे बारीक चाक हाय ना, ते ज्याच्या त्याच्या नंबरावर फिरवा लागते. दुकानवाल्यानं सांगतलं नाई?"

पाच दुकानं पालथी घातली, कोणी या चाकाबद्दल बोललं नव्हतं. माझ्या अभ्यासातही ते नव्हतं! मला एवढा आनंद झाला की अमोलला पेढे भरवावेसे वाटले. बाबांचा चेहराही उजळला. म्हणजे नुसतं चाक फिरवायचं राहून गेलं होतं. बाबा चाक फिरवू लागले.

"आता?" अमोल.

"थोडं अजून."

"आता?"

"अजून."

चाक शेवटाला जाऊन अडलं. मग त्यांनी उलट्या बाजूनं शेवटापर्यंत फिरवलं. कपाळावर घाम आला होता. अमोलनं कॅमेरा घेतला, एक फोटो काढून पडद्यावर मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "काका, कॅमेरा तं टकाटक हाय." मग त्याच्याही लक्षात आलं.

मी वही मिटली. "बाबा, डावा डोया लावा."

त्यांनी अमोलकडून कॅमेरा परत घेतला. मग चाक पहिल्या जागेवर आणून त्यांनी कॅमेरा डाव्या डोळ्याला लावला.

"लिंबावर भारद्वाज बसला हाय," ते हळू म्हणाले. "त्याचा लाल डोया बी दिसून राह्यला."

त्यांनी फोटो काढला नाही. कॅमेरा खाली घेतला.

"पयल्याच दुकानात समजलं होतं मले, गीतांजली."

"मंग पाच दुकानं काहून फिरलो आपण?"

"एखांदा तरी कॅमेरा खराब निंघन, म्हून."

"मीबी त्याच्याचसाठी फिरत होती, बाबा."

अमोलनं न विचारताच ओळखीच्या डोळ्याच्या डॉक्टरांचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. मी पैसे दिले. अमोल कॅमेरा बॅगेत भरायला लागला, तर बाबांनी तो घेऊन गळ्यात अडकवला.

"चाल," ते मला म्हणाले. "डॉक्टर जो आकडा सांगंन, तो आपून पुन्हा मोजाचा नाई."