कालव्यावरून ऐकलेलं गाणं

सणसरच्या आसपासची निम्मी लग्नं भानुदासआप्पांच्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरनंच लावली, असं लोक म्हणत. डीजे आले आणि तो पलंगाखाली गेला. यंदा लेक मेघना पुण्याहून गिटार घेऊन आली, तिनं तो ओढून बाहेर काढला. बुद्धपौर्णिमेला विहारात आईनं गावं, आपण साथ करावी, असा तिचा बेत.

मेघनाची आई, ताईबाई, पूर्वी गायन पार्टीत गायच्या. आवाज मऊ पडला तसा त्यांनी माईक सोडला होता.

"माझ्या गळ्यात आता रेटा न्हाय," त्या म्हणाल्या. "त्यात ही गिटार पत्र्यावर खिळा घासल्यागत वाजतीया. अशीच वाजली तर मी येणार न्हाय."

आप्पांनी टोनचं बटण फिरवलं, मेघनाला वाजवायला सांगितलं आणि उसाच्या कडेनं चालत कालव्यावर गेले. ही त्यांची जुनी रीत. कर्णा लिंबावर बांधायचा आणि कालव्यावर शब्द कळला की काम झालं म्हणायचं.

ते खुशीत परतले. "झ्याक! तार न् तार कळती."

"आप्पा, हितं कान किटलं माझं!" मेघना म्हणाली.

"आवं, विहारात माणसं बसणार हायत का कालव्यावरची म्हसरं?" ताईबाईंनी विचारलं.

आप्पांनी अ‍ॅम्प्लिफायर पुढ्यात ओढला. आवाज लांब जावा म्हणून त्यांनीच कधीकाळी टोनच्या जोडणीतला जाडा सूर कापला होता. त्या कापण्यावरच त्यांचं नाव झालं होतं. आता तेच उसवायचं होतं.

त्यांनी वायर काढली. बंद पेटीतही झटका साठून राहतो, तो आधी उतरवला. जोडणीच्या जुन्या डाखावर तापलेली कावी टेकवताना हात जरा रेंगाळला. मग बारका कंडेन्सर काढून मोठा बसवला, चिरका सूर उतरवला, पहिल्या व्हॉल्व्हचा जोर कमी केला. कर्ण्याच्या जागी लाकडी पेटीतला स्पीकर जोडला आणि समोरच पोत्यावर बसले.

मेघनानं तार छेडली. सूर गोल आला, कुठं न फाटता हळूहळू विरला. ताईबाईंनी तांदळाचं सूप खाली ठेवलं, माईक हातात घेतला आणि एक कडवं उचललं.

घरातलं गुणगुणणं वेगळं. माईकवरचं ताईबाईंचं गाणं आप्पांनी जन्मभर कालव्यावरूनच ऐकलं होतं. तिथं नुसते शब्द पोचायचे. शब्दाआधी त्या घेत असलेला श्वास, ओळीच्या शेवटाला येणारा बारीक कंप, यातलं काही तिथवर कधी आलंच नव्हतं.

"आप्पा, जावा की आता कालव्यावर," मेघना हसून म्हणाली.

"न्हाय. हितंच बरं हाय."

"का? पाय दुखत्यात?" ताईबाईंनी विचारलं.

"व्हय. तसंच समज."

ताईबाईंनी त्यांच्याकडं नीट पाहिलं.

"मग पुनवंला म्होरंच बसा. लांब जाऊन हुबं ऱ्हायलात, तर मधीच गाणं थांबवंन मी."