वगळलेलं घुबड

माझा धाकटा भाऊ भरतकामाच्या मशीनसाठी डिझाइनं बनवायचा. दुकानात आम्ही दोघंच. तो कॉम्प्युटरवर, मी मशीनवर. दीड महिना झाला त्याला जाऊन. मी चौथी शिकलेली, लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या.

त्याच्याकडे फायली नऊ हजार. फोल्डरात फोल्डर, त्यात अजून फोल्डर. माऊसने शोधत बसायचाच नाही तो. काळी खिडकी उघडायची, इंग्रजी अक्षरांत "शोध" लिहायचं, पुढे नावाचा एखादा तुकडा, की पापणी लवायच्या आत यादी हजर. मलापण शिकवलं होतं.

"ताई, सगळं लहान अक्षरात टाक. मग ते लहानमोठं बघत नाही, दोन्ही देतं."

"आणि मोठं टाकलं तर?"

"मग तुझ्यासारखं हटून बसतं. मोठं म्हणजे मोठंच!"

मागच्या सोमवारी शाळेच्या ड्रॉइंगच्या बाई आल्या. दोनशे स्वेटरांवर घुबड हवं, मागच्या खेपेसारखंच. "गुरुवारी नमुना दाखवा हं, नाहीतर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल." शाळा गेली की दुकानाला कुलूपच. दुसरं मोठं गिऱ्हाईक आहेच कुठे.

काळ्या खिडकीत घुबड टाकलं, काही नाही. शाळेचं नाव टाकलं, अकरा फायली आल्या, घुबड एकातही नाही. दोन दिवस हेच. मला कळेचना. शिवलं तर मीच होतं ते, याच मशीनवर. नऊ हजार फायली धुंडाळणाऱ्या कॉम्प्युटरला एवढं घुबड दिसत कसं नाही?

शेवटी त्याची वही काढली. एका पानावर लिहिलेलं, "आडवी रेघ आणि मोठा आय, वगळलेलंसुद्धा." म्हणजे काही फोल्डरांत बघूच नको असं त्यानेच कॉम्प्युटरला सांगून ठेवलेलं! रेघ देऊन टाकला तो इंग्रजी आय. आलं की घुबड! "चुकलेलं" नावाच्या फोल्डरात, अजून बेचाळीस जणांबरोबर.

उघडलं तर एक डोळा जरासा मोठा. शिवताना मला कधी दिसलाच नव्हता. त्याला दिसला असणार, माल गेल्यावर. बोलला नाही, गुपचूप टाकून दिलं तिकडे. असाच होता तो. लहानपणी चित्र बिघडलं की पाटी पोटाशी धरून बसायचा, कुणाला बघू द्यायचा नाही.

सुधारायला मला येत नाही. तसंच शिवलं. गुरुवारी बाईंनी चष्मा लावून बघितलं. मीच सांगून टाकलं, "एक डोळा मोठा आहे हो."

"माहीत आहे की! पोरं म्हणतात घुबड डोळा मारतंय. सरळ केलात तर भांडतील माझ्याशी."

दोनशे स्वेटर ठेवून गेल्या.

आता जेवण झालं की बाकीची बेचाळीस एकेक उघडून बघते. कुठे पान तिरकं, कुठे टाका सुटलेला, सापडते चूक. पण एकोणीस डिझाइनांत काय चुकलंय ते अजून कळलं नाही. त्याला विचारलं असतं तर आधी चिडला असता, मग खुर्ची जवळ ओढून दाखवलं असतं.