लायनीतला ओरम

आमच्या लायनीत रिक्षा पुढे सरकतात आणि किस्से मागे राहतात. नालासोपारा ईस्टला, स्टेशनबाहेर तुळिंजच्या शेअर रिक्षांची लाईन लागते. पुढची भरली की निघते, मागच्या सगळ्या एकेक जागा पुढे येतात. किस्सा ऐन रंगात आला की नेमका सांगणाऱ्याचा नंबर लागतो. तो जातो, किस्सा तिथेच अर्धा पडून राहतो, मग दुसरा कोणीतरी त्याला आपल्या पदरचं जोडतो. असे ढिगाने साचलेत. त्यातले जाड्याचे किस्से मी वेगळे ठेवलेत, कारण ते माझ्या दादाचे आहेत.

जाड्या म्हणजे एक कादंबरी. दादाला ती रद्दीच्या दुकानात मिळाली. पुढची पानं फाटलेली, त्यामुळे नाव नाही, लेखक नाही. विटेएवढी जाड, म्हणून जाड्या. दादा बारावी झालेला. मी सातवीत शाळा सोडली, त्यामुळे जाड्या वाचायचा प्रश्नच नव्हता. दादा मागच्या सीटवर पाय पसरून वाचायचा आणि नंबर आला की उशीखाली सरकवावा तसा सीटखाली सरकवायचा.

*

सुरुवात पांडेजींनी केली. ते बनारसकडचे, लायनीत सगळ्यात जुने. त्यांनी दादाला विचारलं, एवढ्या मोठ्या किताबमध्ये आहे तरी काय? दादा सांगायला लागला. राजाला त्याच्याच भावाने बर्फाच्या डोंगरात कोंडलंय, वरून कडा कोसळतोय, आणि पांडेजींचा नंबर लागला. चार पॅसेंजर बसलेले. पांडेजी गेले.

तुळिंजहून परत येताना कोणी रिकामं येत नाही. पांडेजी रिकामे आले. रिक्षा बंद पण केली नाही, लांबूनच ओरडले, "राजा बचा क्या?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला नंबर मागच्याला दिला आणि ऐकत उभे राहिले. लायनीत नंबर सोडणं काय असतं ते रिक्षावाल्यालाच कळेल. मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशीसुद्धा पांडेजींनी नंबर सोडला नव्हता.

*

जाड्यातली जादू एकदम वेगळी आहे, हे मी पण मानतो. मंत्र नाही, काठी नाही. माणसाने श्वास रोखला की समोरची वस्तू थांबते. आग, पाणी, सुटलेला बाण, काहीही. श्वास सोडला की पुन्हा सुरू. त्यामुळे त्या राज्यात सगळ्यात मोठे जादूगार म्हणजे समुद्रात बुडी मारणारे. लढाईत दोन्हीकडचे सैनिक गाल फुगवून, निळे पडून उभे असतात.

दादाने हे सांगितलं त्या दुपारी नाक्यावर सिग्नल पिवळा झाला. आमच्या रिक्षा एकामागे एक होत्या. कोणी ठरवलं नव्हतं, पण सगळ्यांनी श्वास रोखला, लाल होऊ नये म्हणून. लाल झाला. हवालदार बघतो तर एका रांगेत सगळे ड्रायव्हर गाल फुगवून बसलेले. त्याला वाटलं, तोंडात गुटखा आहे. तो पांडेजींजवळ आला आणि म्हणाला, "आधी थुंक, मग बोलू."

पांडेजींनी फुऽऽ करून हवा सोडली. हवालदाराने वाकून तोंडात बघितलं. मग दादाच्या बघितलं, मग माझ्या. शेवटी स्वतःच म्हणाला, "तोंडात काही नाही, वरती डोक्यात पण काही नाही. जा."

*

लायनीत एक डॉमनिक अंकल आहेत. अर्नाळ्याकडच्या गावातून येतात. त्यांना दमा आहे. खिशात सुट्ट्या पैशांबरोबर पंप असतो. सिग्नलला त्यांचा श्वास सगळ्यात आधी सुटला होता आणि लाल त्यांच्यामुळे झाला असं सगळे त्यांना चिडवायचे.

जाड्यात ओरम नावाचा एक म्हातारा नावाडी आहे. त्याला पण दमा. त्याची जादू पापणी लवेपर्यंतच टिकते. भुंकणारा कुत्रा थांबवला तर अर्ध्या भुंकण्यावर थांबतो आणि लगेच उरलेलं भुंकतो. पण ओरमला वेळ बरोबर साधता येते. खून करायला उगारलेला सुरा तो जेवढ्यास तेवढा थांबवतो, आणि तेवढ्यात माणूस वाचतो.

डॉमनिक अंकलनी हे ऐकलं आणि पंप ओढून म्हणाले, "मंजे आपल्यासारक्याला पन जादू येते."

त्यानंतर राजा, राजकन्या, बर्फाचा डोंगर सगळं मागे पडलं. अंकल आले की आधी विचारणार, ओरमचं काय झालं? दादा रोज ओरमचं काहीतरी सांगायचा. ओरम पडत्या पुलावरून नदीत पडला, पोहून वर आला. ओरम समुद्रातल्या किल्ल्यात घुसला. ओरमने शिडाच्या बोटीवर चपाती आणि सुके बोंबील खाल्ले. बर्फाच्या राज्यात सुके बोंबील कुठून आले, हे आमच्यापैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

*

मग दादा गेला. ताप आला, वाढला, हॉस्पिटलमध्ये नेला, आठवड्याच्या आत संपलं. ह्यात किस्सा काही नाही.

बाराव्याला सगळी लाईन घरी आली. आईने सगळ्यांना चहा दिला. निघताना चपला घालता घालता डॉमनिक अंकल माझ्याजवळ आले. मला वाटलं, धीर देतील. ते हळूच म्हणाले, "तो इरीत हाय अजून."

मला आधी कळलंच नाही. मग आठवलं. दादाने शेवटच्या दिवशी सांगितलं होतं की शत्रूने ओरमला विहिरीत टाकलंय आणि पाणी सोडलंय. पाणी गळ्यापर्यंत आलं आणि दादाचा नंबर लागला. बाकीचं उद्या, म्हणाला होता.

मी अंकलना म्हणालो, पुस्तक घरात आहे, मी वाचून सांगतो. का म्हणालो माहीत नाही. मी आयुष्यात पुस्तक वाचलेलं नव्हतं.

*

माझी भाड्याची रिक्षा सोडून दादाची मी चालवायला लागलो. जाड्या पुढे काचेजवळ ठेवायचो. एक कॉलेजची मुलगी बाजूला बसली, पुस्तक चाळलं आणि म्हणाली, अरे, हे मी वाचलंय, मस्त आहे. मी खूश झालो. विचारलं, ओरम विहिरीतून कसा सुटतो?

ती म्हणाली, "कुठली विहीर? ओरम तर सातव्या प्रकरणातच मरतो."

मी रिक्षा थांबवली आणि तिला उतर म्हणालो. ती उतरली, ओढणी सारखी केली आणि शांतपणे म्हणाली, "लेखकाने मारलाय. मी नाही मारला."

बरोबर होतं तिचं. पण मी तिला तुळिंजपर्यंत सोडलं नाही.

*

मग मी खरंच वाचायला बसलो. दुपारी, दाराशी, ओळीखाली बोट ठेवून. आई शेजारणीला सांगायची, बारक्या पोथी वाचतोय, कोणी बोलू नका.

जाड्याबद्दल माझं मत विचाराल तर अर्धं अर्धं आहे. श्वासाची जादू एक नंबर. वाचताना आपोआप आपला पण श्वास अडकतो. पण दरबार भरला की पानंच्या पानं नुसतं कोण कोणाचा पणतू. नावं अशी की जीभ मुरगळेल. राजकन्या सारखी खिडकीत.

सातवं प्रकरण आलं. पूल पडत होता. ओरमने श्वास रोखला, पूल थांबला. सगळे पार झाले. त्याने श्वास पुन्हा सोडलाच नाही. तीन ओळी. पुढच्या पानावर सगळे जेवायला बसलेत, भाजलेलं मांस, दारू, गाणी.

मी जाड्या माळ्यावर भिरकावला. एवढा जीव लावून माणूस उभा करायचा आणि तीन ओळींत संपवायचा? आणि लगेच जेवण? मग आठवलं, दादाला पोचवून आलो त्या दिवशी शेजाऱ्यांनी वरण-भात पाठवला होता. मी दोनदा घेतला होता. म्हणून लेखकाला ह्या बाबतीत मी काही बोलत नाही.

जाड्या परत खाली काढला. शेवटपर्यंत वाचला. किल्ला नाही, बोंबील नाहीत, विहीर नाही. पुलानंतरचा सगळा ओरम दादाचा होता. तो वाचायचा राजाचं आणि सांगायचा ओरमचं.

*

आता अंकलना काय सांगायचं ह्याचा मी विचार करत होतो. खोटं सांगावं, तर मला दादासारखं जुळवता येत नाही. खरं सांगावं, तर अंकलचा पंप हल्ली दर थोड्या वेळाने बाहेर निघत होता. मी त्यांना टाळायला लागलो. नंबर मागे-पुढे करायचो.

एका सकाळी माझा नंबर पहिला होता. मागे दोन बाया बसलेल्या, अजून दोन पॅसेंजर यायचे होते. डॉमनिक अंकल रिक्षाजवळ येऊन उभे राहिले. पांडेजी पण आले. अंकलनी काही विचारलं नाही, नुसते उभे. माझ्याच्याने राहवेना. मी बोलून टाकलं.

"ओरम मेला, अंकल. पुलावरच मेला. सातव्या प्रकरणात. पुढचं सगळं दादाने मनाचं सांगितलं. पुस्तकात विहीरच नाही."

अंकलनी पंप काढला, ओढला, खिशात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते, पण ते दम्याने पण भरतात.

मग म्हणाले, "बुकातला मेला आसंल. आपला इरीत हाय ना? त्याला भायेर काड आदी."

एक माणूस घाईने आला, पुढे बसायला लागला आणि विचारलं, तुळिंज ना? पांडेजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"रुकिए भाईसाब. आदमी कुएँ में है."

तो दचकून मागे सरकला. मागे बसलेल्या दोघींपैकी एक बाई पिशवी सावरत बाहेर डोकावली. तिने अंकलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि वैतागून म्हणाली, "मग बघत काय बसलायस? दोर टाक ना."

मी इंजिन बंद केलं आणि दोर टाकला.