गरिबांसाठी आलेल्या पिशव्या

अगं, जवळ ये जरा. आधी तुला रागवायचंच आहे मला. आपल्या बायकांच्या ग्रुपवर माझ्या समोरच्या शेजारणीच्या मुलाची बातमी आली, तेव्हा तूही खाली हसरा चेहरा टाकलास. अल नस्र भागात राहायला गेलीस म्हणून मला दिसत नाही असं वाटलं होय? चष्मा आहे मला.

त्याच्या निरोपाच्या दिवशी तू आली नव्हतीस, म्हणून सांगते.

अल अझीझियात आमच्या समोरच्या दारात राहते ती नगरकडची, ख्रिस्ती. नर्स म्हणून इथे आखातात आली आणि नवरा गेल्यावर एकटीने मुलाला वाढवलं. मुलगा विमानं दुरुस्त करतो. मोठ्या विमानांवरची इथली चांगली नोकरी सोडून तो मिशनच्या कामाला निघाला. लांब डोंगरात गावं आहेत म्हणे, जिथे रस्ताच नाही. मिशनचं बारकं विमान तिथे औषधं नेतं आणि येताना अडलेली बाळंतीण घेऊन येतं. ते विमान हा सांभाळणार. आई मात्र त्याच्याशी धड बोलेना. तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायचा. म्हणायचा, "मावशी, आई मनापासून हो म्हणाली नाही तर मी नाही जाणार."

आणि आपल्या बायका! निरोपाला आल्या त्या हातात पिशव्या घेऊन. "तिकडच्या गरिबांना होईल!" काय होतं त्यात? काठ विरलेल्या साड्या, अंगाला न होणारे ब्लाउज, उंच टाचांच्या चपला आणि एक झाकण नसलेला मिक्सर. जिथे वीज नाही तिथे मिक्सर! पुण्याला जाताना सामान जरा जास्त भरलं की विमानतळावर बॅगेतले लाडू काढून पर्समध्ये कोंबणाऱ्या बायका या. वजन कळत नाही असं थोडंच आहे? स्वतःचं बरोबर कळतं.

एकीने तोंडात वडा असतानाच विचारलं, "पगार देतात का रे, की नुसती प्रार्थना?"

रास लफानच्या गॅस कारखान्यातल्या साहेबाची बायको म्हणाली, "धर्म वाटायला चाललाय, दुसरं काय." जिचा स्वतःचा मुलगा तिला मराठीत हाक मारत नाही, ती दुसऱ्याच्या मुलाची काळजी करते!

मलाही त्यांचं सगळं पटतं असं नाही हं. मी माझ्या गणपतीची. औषधासोबत धर्माचं पुस्तकही पुढे करत असतील, त्यावरून मी त्याला चिडवलंय, भांडलेही आहे. पण तिकडे कळा सोसणारी बाई आभाळाकडे डोळे लावून बसते, आणि इकडे या चटणी कमी पडली म्हणून कुरकुरतात.

तो बिचारा अदबीने म्हणाला, "काकू, बारक्या विमानात माणसालाही वजनकाट्यावर उभं करतात. एवढं नाही नेता येणार."

"मग तुझ्या आईला भेटीला न्यायचं तर दोन विमानं लागतील!" साहेबीणबाई म्हणाली. सगळ्या खिदळल्या.

माझी शेजारीण उठली आणि सगळ्या पिशव्या तिने गालिच्यावर उपड्या केल्या.

"ही साडी तुझी. दिवाळीला माझ्याच घरी कढी सांडलीस हिच्यावर, डाग बघ. हा मिक्सर तुझा. गेल्या वर्षी मलाच देत होतीस, मी नको म्हटलं." एकेकीच्या मांडीवर तिचं तिचं ठेवलं. "खलास. यल्ला, चला, आता आपापल्या घरी न्या."

इतक्या फुकटच्या बडबड्या बायका, आणि चपला शोधताना कशा घाई करत होत्या!

त्या गेल्यावर ती आत गेली आणि जवसाच्या चटणीची बरणी घेऊन आली. मुलाकडे न बघता म्हणाली, "हिचं वजन चालेल का रे?"

पोराने लगेच बॅग उघडली. "चालेल, आई. एक शर्ट काढून ठेवतो."

तो गेला. तिकडे रेंज मिळाली की फोन करतो, बरणी संपली म्हणतो. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चहून ती सरळ माझ्याकडे येते, आणि या शुक्रवारी आम्हाला पुन्हा जवस भाजायचेत. तूही ये गं लवकर. तिच्या समोर बस, चहा घे, आणि मग हसू आलं तर हस. फक्त येताना पिशवी आणू नकोस.