आनंदाबाईंची सावड

खात्यानं माझं नाव बदललं, ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी केला. गळ्यातली गावं मात्र चारच्या चार ठेवली. त्यातलं सेलू तालुक्यातलं सालईधरा माझ्या वाट्याला गुरुवारी येतं. उरलेले दिवस तिथलं सरकार म्हणजे सरपंच आनंदाबाई उईके. राहणार टेकडीवरच्या टोल्यात, म्हणजे वरच्या वस्तीत, तोंडानं फटकळ, आणि हसू आलं की पदर तोंडात कोंबावा लागतो अशा.

गेल्या वर्षी नळयोजना पंचायतीच्या ताब्यात आली. "आता योजना तुमची, तुम्हीच चालवा," म्हणून साहेब लोक गाडीत बसले. शेजारच्या पिंपळधऱ्यालाही हेच सांगितलं होतं. पण त्यांच्याकडे शिकलेला पंपचालक होता, नागसेन. आमच्याकडे मी होतो, गुरुवारी.

पाणी कोणत्या मोहल्ल्याला आधी, यावर ग्रामसभेत जुंपली. खालच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या डोमाजींनी तोड काढली: सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडा, कोणी आधी नाही, कोणी मागं नाही. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. मग खालच्या गल्लीत पाणी धो धो वाहिलं आणि टोल्यातले नळ नुसते फुसफुसले. टोल्यातल्या बाया पुन्हा हंडे घेऊन उतरणीच्या विहिरीवर. निवडणुकीत आनंदाबाईंनी त्यांना दारात पाणी कबूल केलं होतं. बाईंचं हसू पार आटलं.

एका गुरुवारी त्या माझ्या गाडीवर मागं बसल्या. "पिंपळधऱ्याले चाला."

तिथले सरपंच रूपराव म्हणाले, "आमचा नागसेन तुमाले काऊन देऊ?"

"सावडीत द्या. पेरणीत बैल देता नाई का एकमेकाले? तुमचं काय अडून राह्यलं, ते सांगा."

रूपराव ओशाळले. गाव मोठं, पंचायत मोठी. पण ग्रामसभेला कुत्रं फिरकत नव्हतं. दर वेळी सभा तहकूब.

"इतकंच ना!" बाई म्हणाल्या.

सभेच्या आदल्या दिवशी त्या टोल्यातल्या बाया घेऊन पिंपळधऱ्यात घरोघर फिरल्या. लग्नाचं आवतण द्यावं तसे दारोदार पिवळे तांदूळ ठेवले. "उद्या सभेले येजा बरं!" आवतण आल्यावर घरी बसणं आमच्याकडे शोभत नाही. सभा तुडुंब भरली आणि तिथल्या बायांनी प्रश्न विचारून विचारून रूपरावांना घाम फोडला. तरी गडी शब्दाला जागला. दुसऱ्या दिवशी नागसेन हजर.

त्यानं व्हॉल्व्ह पाहिले आणि हसला. "आधी टोल्याले सोडा. तवर खालचे बंद."

आनंदाबाईंना हे पटेना. सरपंचाच्याच दारात पहिलं पाणी? गाव काय म्हणेल? त्यांनी पुन्हा सभा बोलावली, पण सांगायला मलाच पुढं केलं. मी नागसेनचं म्हणणं सांगितलं. सगळ्यांच्या माना डोमाजींकडे वळल्या.

डोमाजी काठी टेकत उठले. "पंगतीत पाव्हन्याले आधी वाढतेत ना? मंग टोला आपला पाव्हना. आपन वाढपी, मागून जेवू."

दुसऱ्या दिवशी टोल्यातला नळ खोकला, थुंकला आणि वाहायला लागला. बायांनी असा गलका केला की रानातली ढोरं बिचकली. आनंदाबाईंनी हंडा लावलाच नाही. एक गडवा भरला आणि पाणी सांडत, हसत, पदर सावरत त्या उतरणीनं पळत सुटल्या, थेट डोमाजींच्या ओट्यापर्यंत.

"घ्या मामाजी. पाव्हन्याकडून."

म्हातारा तो गडवा घटाघटा प्याला आणि तोंड पुसायच्या निमित्तानं त्यानं डोळे पुसले. मी तिथंच उभा होतो, बुधवार असून.