मोहित्यांचा हौद

विश्वासराव मोहिते आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चहाच्याही आधी त्यांनी आमचा बाथटब बघायला मागितला. शारजात, अल मजाजच्या त्या टॉवरमध्ये प्रत्येक फ्लॅटला बाथटब होता, आणि प्रत्येक मराठी घरात त्या टबात बादली ठेवून लोक मगाने अंघोळ करत. मोहित्यांनी आमची बादली उचलून बाहेर ठेवली, भाजी चिरायचे दोन बोर्ड मागून घेतले आणि माझ्याकडे वळून विचारलं, "वहिनी, थोडी कणीक मिळेल?" माझ्याच कंपनीत लागलेले नवे इंजिनियर आणि वरच्या मजल्यावरचे नवे शेजारी, एवढीच तोवर माझी त्यांची ओळख. मी कणीक दिली. दारात उभ्या असलेल्या कुसुमताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. हा प्रयोग त्यांनी बऱ्याच घरांत पाहिला असावा.

पुढचा बराच वेळ मोहिते बाह्या सरसावून टबात वाकलेले. दोन्ही बोर्ड आडवे उभे केले, कडेच्या फटी कणकेने लिंपल्या, एका टोकाला भरपूर पाणी, दुसऱ्या टोकाला थोडं, आणि मध्ये हा कप्पा. माझ्या मुलीचं, रेवाचं, प्लास्टिकचं बदक त्यांनी वरच्या पाण्यात सोडलं. "हा मधला हौद. त्यात आधी वरच्याइतकं पाणी घेतलं, बदक आत आलं, मागचा दरवाजा लावला. आता हौदातलं पाणी सावकाश उतरवायचं, खालच्याइतकं. झालं सारखं? मग पुढचा दरवाजा उघडा, लहान पोरगंसुद्धा उघडेल. पाण्याशी कुस्ती खेळायची नाही, त्याची समजूत काढायची. बघितलंत का?" बदक डुलत खालच्या पाण्यात गेलं आणि रेवा ओरडली, "अंकल, डू इट अगेन." मोहित्यांना आयुष्यात एवढंच ऐकायचं असे. त्या दिवशी आमच्या पोळ्या झाल्या नाहीत, कारण सगळी कणीक टबात गेली होती.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर आमच्या कंपनीने समुद्रकाठी वाळू उपसून एक मोठं तळं केलं होतं. तळ्याभोवती टॉवर उठणार होते, आणि टॉवरमधल्या श्रीमंतांच्या यॉट त्यांच्या बाल्कनीखाली उभ्या राहणार होत्या. समुद्राला भरती-ओहोटी, तळ्याचं पाणी मात्र कायम एका पातळीला. यॉट एकातून दुसऱ्यात जायची तर मध्ये हौद हवा, त्याला दोन अजस्र पोलादी दरवाजे हवेत. कागदावर त्याचं नाव नॅव्हिगेशन लॉक. मोहिते त्याला 'आपला हौद' म्हणत. साताऱ्याकडचा माणूस, पाटबंधारे खात्यात सारा जन्म धरणांचे दरवाजे सांभाळले, आणि निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना स्वेच्छेने बाहेर पडून इथे आले. का आलात म्हणून विचारलं तर म्हणत, "धरणाचा दरवाजा पाणी अडवतो नाहीतर सोडतो. हा दरवाजा माणसाला पलीकडे नेतो. असलं काम आपल्याकडं कुठं मिळायचं?" या हौदातून बोट जाताना बघायची, ही त्यांची एकुलती एक इच्छा. ती ते लिफ्टमध्ये भेटणाऱ्या अनोळखी माणसालाही सांगत.

मी त्याच कंपनीत प्लॅनिंगला होते. कुठलं काम कधी संपणार याचे तक्ते करायचे, आणि ते संपलं नाही की नवे तक्ते करायचे, हे माझं काम. ऑफिसच्या गेटात शिरलं की मोहित्यांच्या लेखी मी वहिनीची 'मॅडम' होई आणि परत पार्किंगमध्ये आलो की मॅडमची वहिनी. "मॅडम, तुमच्या तक्त्यात माझ्या गेटला हिरवा रंग द्या," ते म्हणत. आणि खरंच, सगळ्या प्रकल्पात वेळेवर पूर्ण झालेली वस्तू ती एकच. हौद तयार झाला, दोन्ही दरवाजे बसले, पाणी आलं, आणि त्याच सुमाराला मंदी आली.

ती कशी आली ते वेगळं सांगायला नको. क्रेन थांबल्या. टॉवर अर्ध्यावर उभे राहिले. दर शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचा तरी सोफा लिफ्टमधून खाली जाई, आणि मागोमाग ते कुटुंबही. ऑफिसात रिकाम्या खुर्च्या वाढत गेल्या. यॉट घेणारे लोक कुठल्या कुठे पांगले. तळं मात्र निळंशार, आणि त्यावर एक होडी नाही. अशा वेळी शहाणा माणूस मान खाली घालून बसतो. मोहिते मात्र रोज सकाळी त्यांच्या मदतनिसाला, केरळच्या बिजूला, घेऊन दोन्ही दरवाजे एकदा उघडत आणि एकदा लावत. पाणबुड्यांना उतरवून तळाच्या खाचेतली वाळू काढत, पोलादावर धरलेले शिंपले खरवडत, बिजागऱ्यांना ग्रीस भरत. दुपारी घामाने निथळत कँटीनमध्ये येऊन जाहीर करत, "आज गेट लय हलकं चाललं." जणू कुणाच्या घरी बाळ पहिलं पाऊल टाकतं तसा त्यांचा चेहरा. आम्ही नोकरीच्या काळजीने अर्धमेले झालेले, त्यांच्याकडे बघून हसू यायचं, आणि खरं सांगायचं तर रागही यायचा.

आमचे प्रोजेक्ट मॅनेजर नबील, लेबनॉनचे. माणूस वाईट नव्हता, पण वरून खर्च तोडायचे हुकूम येत आणि तोडायला रोज काहीतरी लागे. एका मीटिंगमध्ये त्यांनी सांगितलं, दोन्ही दरवाजे बंद करून वेल्डिंग मारा. मार्केट परत आलं की बघू. "मोहिते, देअर इज नो बोट. फॉर हूम यू ओपन?"

मोहिते उभे राहिले. "सर, गेट बंद ठेवणं म्हणजे गेट सांभाळणं नव्हे," असं ते इंग्रजीत म्हणाले, म्हणजे मराठीच इंग्रजी शब्दांत म्हणाले. "गेट नॉट मूव्ह, गेट बिकम वॉल. देन यू कट, यू थ्रो. खलास." नबीलनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, ठीक आहे, एक बोट आणा. माझ्यासमोर हौदातून पास करून दाखवा. मग मी वर बोलतो.

मीटिंगमधून बाहेर पडताना मोहित्यांचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. "वहिनी, बोट," ते ऑफिसातच मला म्हणाले, मॅडम विसरून. "कुठनं तरी एक बोट बघा."

बोट माझ्या माहितीत होती. मूळचे दाभोळकडचे, पण शारजातच राहणारे हमीदभाई आमच्याकडे हापूसच्या पेट्या आणि सुरमई आणून देत. त्यांची एक लाकडी लाँच होती, किनाऱ्याकिनाऱ्याने सामान पोचवायची. मी फोन केला. "आमची लाँच लाकडाची हाय," ते संकोचाने म्हणाले. "तुमच्या यॉटीवानी नाय. चालंल काय साहेबांना?" मी फोन मोहित्यांकडे दिला. त्यांनी विचारलं, "हमीदभाई, तरंगते ना?" हमीदभाई म्हणाले, "इन्शाल्ला." सौदा पक्का झाला.

शुक्रवारी सकाळी हौदाच्या काठावर जत्रा भरली. बिल्डिंगमधली उरलेली चार-पाच मराठी कुटुंबं, पोरंबाळं, कुसुमताईंच्या थालीपिठांचा मोठा डबा. नबील काळा गॉगल लावून एका बाजूला हाताची घडी घालून उभे. मोहिते पिवळं हेल्मेट, हातात कर्णा, कंट्रोलच्या खोलीपासून काठापर्यंत नुसते धावत होते. हमीदभाईंची लाँच आदल्या दिवशी ट्रेलरवरून तळ्यात उतरवली होती. ती फटफटत हौदात आली. मागचा दरवाजा मिटला. समुद्राला ओहोटी, म्हणजे हौदातलं पाणी आता खाली उतरायचं होतं. मोहित्यांनी कर्णा तोंडाला लावला. "हमीदभाई, बांधा. दोन्ही दोर खांबांना घट्ट बांधा."

हमीदभाईंनी वर पाहून विचारलं, "घट्ट?"

"एकदम घट्ट. हलली नाही पाहिजे."

हमीदभाईंनी बांधली. बिजूने व्हॉल्व्ह उघडला. पाणी उतरू लागलं आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग टाळ्या थांबल्या. पाणी उतरत होतं, पण बोट उतरत नव्हती. खांबांचे दोर तारेसारखे ताणले गेले, लाँच एका अंगावर कलली, आतली पातेली घरंगळत गेली आणि हमीदभाई लाँचच्या कठड्याला लटकून ओरडले, "साहेब, पानी थांबवा." लाँच भिंतीला दोरांनी टांगली गेली होती, खुंटीला पिशवी टांगावी तशी.

इतका जाडजूड माणूस इतक्या वेगाने धावताना मी पाहिला नव्हता. मोहित्यांनी बिजूला बाजूला सारून बटण दाबलं. व्हॉल्व्ह तिथल्या तिथे बंद. मग तळ्याकडचा व्हॉल्व्ह बोटभर उघडला. पाणी हळूच वर चढलं, लाँचच्या पोटाखाली आलं, दोर सैल पडले, आणि लाँच कुरकुरत सरळ झाली. माझ्या हाताला कळ लागली म्हणून पाहिलं तर कुसुमताईंनी माझं मनगट आवळून धरलं होतं.

मोहिते काठावर आले, घामाने चिंब. कर्णा उचलून त्यांनी आधी मराठीत, मग हिंदीत आणि मग नबीलकडे वळून इंग्रजीत सांगितलं, "चूक माझी. हमीदभाईंची नाही, बिजूची नाही, माझी. आख्खी नोकरी पाणी अडवण्यात गेली. बोट कधी सोडलीच नव्हती." खाली लाँचवरून हमीदभाई म्हणाले, "मला वाटलं होतं तसं. पण म्हटलं, तुमच्या घरचं पानी, तुमचा कायदा." पहिल्यांदा बिजू हसला, मग सगळेच.

नबील मात्र हसले नाहीत. "मोहिते, यू ऑलमोस्ट ड्राउन्ड हिम."

"येस सर," मोहिते म्हणाले, आणि त्यांचे डोळे चमकायला लागले. "बट यू सॉ द व्हॉल्व्ह, सर? वन प्रेस. इतके महिने बोट नाही, आणि वन प्रेस."

नबीलनी गॉगल काढला, डोळे चोळले, आणि म्हणाले, "यल्ला," म्हणजे चला. "अगेन."

दुसऱ्या खेपेला दोर बांधले नाहीत, खांबांना फक्त एक वेढा घेऊन हातात धरले आणि पाणी उतरेल तसे सोडत गेले. लाँच भिंतीला धरून अलगद खाली गेली. पाणी सारखं झालं. समुद्राकडच्या दरवाजाच्या दोन्ही झडपा हलल्या, मध्ये एक निळी फट दिसली, ती रुंदावत गेली आणि पुढे सगळा समुद्रच उघडला. हमीदभाईंनी भोंगा वाजवला. पोरं किंचाळत काठाने धावली, आम्ही बायकाही धावलो, साड्या-सलवारींचं भान कुणाला नव्हतं. मोहिते कर्ण्यातून नुसते ओरडत होते, "बघितलंत का? अहो, बघितलंत का?" मंदीच्या त्या सबंध काळात मी एवढी खूश कधी झाले नव्हते. कंपनीत माझं काय होणार हे तेव्हाही ठाऊक नव्हतं, पण त्या सकाळी त्याचं काही वाटेना.

त्यानंतर काही दिवसांनी मोहित्यांनी मला लिफ्टमध्ये गाठलं. "वहिनी, वेल्डिंग रद्द. आणि नवीन रबर मंजूर झालं." दरवाजांच्या कडेचं रबर, म्हणजे टबातली आमची कणीक, कडक होऊन चिरत चाललं होतं, हे मला माहीत होतं. ते बदललं नाही तर हौद टिकणार नाही, असं ते कितीदा सांगत. मी अभिनंदन केलं. तेव्हा ते त्याच उत्साहात म्हणाले, "आणि मी जातोय."

मला आधी समजेचना. मग त्यांनी सांगितलं. वरून पैसे आले होते ते एवढेच, की एकतर इंजिनियर ठेवा नाहीतर रबर घ्या आणि हौद चालवायला बिजू आणि एक जोडीदार ठेवा. नबीलनी निर्णय मोहित्यांवरच सोडला होता.

मी भडकले. "वेडे आहात का तुम्ही? या वयात, या दिवसांत, कुणी आपल्या हाताने नोकरी सोडतं?"

"वहिनी, रबर नाही तर गेट नाही. मोहिते नाही, तरी गेट आहे," ते म्हणाले. "हिशेब सोपा आहे."

मला तो सोपा वाटला नाही. कुसुमताईंना तर मुळीच वाटला नाही. त्या दोन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "ह्यांचं लग्न त्या गेटशी झालंय. मी आपली शेजारीण." आणि मग ओटा पुसता पुसता हळूच म्हणाल्या, "पण त्या दिवशी दार उघडलं तेव्हा कसले दिसत होते, नाही?"

राहिलेले दिवस मोहित्यांनी बिजूला आणि त्याच्या जोडीदाराला शिकवण्यात घातले. रबर आलं, बसलं, फटीतून झिरपणारं पाणी थांबलं. दोर कसे धरायचे ते शिकवायला हमीदभाई स्वतः यायचे आणि मोहिते त्या दोघांच्या रांगेत उभे राहून शिकायचे. एखादं काम आपल्यावाचून अडू नये म्हणून इतका झटणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. आम्ही सगळे तर आपल्यावाचून ऑफिस कसं अडेल याच्याच युक्त्या शोधत होतो.

जायच्या आधीच्या शुक्रवारी हमीदभाईंनी त्यांना लाँचमध्ये बसवलं. कुसुमताई, मी आणि रेवाही होतो. मोहित्यांना बोटीतून आपला हौद बघायची ही पहिलीच वेळ. लाँच आत शिरली तसे ते उभे राहून ओरडले, "बिजू, मागचं गेट," आणि वर पाहिलं तर मागचं गेट मिटत आलं होतं. "व्हॉल्व्ह सावकाश," म्हणेपर्यंत पाणी सावकाश उतरू लागलेलं. दोन्ही बाजूंच्या ओल्या भिंती उंच उंच होत गेल्या. त्यांनी आणखी एकदा तोंड उघडलं. वर बिजू दोर सोडत होता, त्याचं सगळं लक्ष दोराकडे. त्याने खाली पाहिलंसुद्धा नाही.

मोहिते माझ्याकडे वळले. चेहरा असा फुललेला, की डोळ्यांत पाणी आहे ते मला उशिरा दिसलं. "वहिनी, मला कुणी विचारेना," ते म्हणाले. "ऐकतंय का कुणी? कुणीसुद्धा विचारेना."

"मग बसा आता," कुसुमताई म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याचा दंड धरून त्यांना मासळीच्या खोक्यावर आपल्या शेजारी बसवलं आणि तो दंड सोडला नाही. समोरचा दरवाजा उघडला, आणि आम्ही समुद्रात गेलो.