ताईने न घातलेल्या टोप्या

मी तीस वर्षं लोकरीचं विणतेय आणि तीस वर्षं डोंबिवलीत राहतेय. या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही, हे मला फार उशिरा कळलं. डोंबिवलीतल्या कोपरला आमच्या घरी डिसेंबरातसुद्धा पंखा एकवर तरी असतोच. तरी नात्यात कुणाला दिवस गेले की मी सुया काढायची. टोपरं, मोजे, स्वेटर, सगळा संच. बारशाला तो सगळ्यांच्या हातांतून फिरायचा, बाळाला घालून दोन फोटो निघायचे, बाळ लालबुंद होऊन रडायला लागलं की काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत. माझ्या भाचसुनेने तर तो संच तसाच्या तसा तिच्या मैत्रिणीच्या बाळाला दिला आणि वर मलाच फोटो पाठवला. ‘मावशी, बघा किती गोड दिसतंय!’ मी अंगठा पाठवला. दुसरं काय पाठवणार?

म्हणजे आपलं विणलेलं कुणी वापरत नाही, याची मला सवय होती. पण ताईच्या वेळी वाटलं, निदान आता तरी गरज खरी आहे.

ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ राहते. शाळेत गणित शिकवायची, आता निवृत्त. मागच्या उन्हाळ्यात तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि श्रावणात केमो सुरू झाली. दुसरी केमो व्हायच्या आतच केस गळायला लागले. उशीवर, बेसिनमध्ये, भाऊजींच्या आमटीत. ताईने इमारतीखालच्या सलूनवाल्याला वर बोलावलं आणि सगळं डोकं उतरवून घेतलं. मला नंतर फोन केला. “झालं बाई, कटकट गेली.”

मी त्यांच्याकडे जाऊन बसायची, पण मला करायला काही नव्हतंच. स्वयंपाक भाऊजी करायचे आणि बरा करायचे. रिपोर्टांची फाइल त्यांनी तारखेवार लावलेली. डॉक्टरांशी ताई स्वतः बोलायची. मी सोफ्यावर बसून चहा प्यायची आणि कप विसळायची. मग मला जे येतं ते मी केलं. टोपी विणली.

पहिली जांभळ्या लोकरीची. ताईने डोक्यावर ठेवली आणि मिनिटभरात काढली. “टोचतंय गं.” दुसरी, लहान बाळांसाठी मिळते त्या मऊ लोकरीची. “गरम होतंय.” तिसरीसाठी मी सुती दोरा शोधत ठाण्याच्या बाजारात दोन दुपारी फिरले. ती तिने अर्धा तास घातली. मग म्हणाली, “आडवी पडले की मागची शिवण रुतते.” बरोबरच होतं तिचं. केस नसलेल्या डोक्याला शिवण किती लागत असेल, हे मला कसं सुचलं नाही? पण बरोबर असलं तरी राग यायचा तो आलाच.

शिवण टाळायची तर गोल सुईवर विणावं लागतं. दोन सुया एका वायरने जोडलेल्या असतात आणि टोपी गोल गोल वाढत जाते. मी आयुष्यभर सरळ सुयांवर विणलेलं. मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकायला बसले. सुरुवातीला टाके जोडताना सुईवर कुठे पीळ पडला, तर तो पुढे कितीही विणलं तरी सुटत नाही. माझ्या हे चाळीस ओळी झाल्यावर लक्षात आलं. सगळं उसवलं. पुन्हा टाके घातले, पुन्हा तेच. आमचे हे पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, “असल्या टोप्या ऑनलाइन मिळतात की.” त्यांच्याशी मी दोन दिवस धड बोलले नाही.

चौथी टोपी मात्र जमली. मोरपिशी रंग, सुती, शिवण नाही, हातात घेतली तर वजनच नाही. स्वतःचं काम म्हणून सांगत नाही, पण तशी टोपी मी आधी कधी विणली नव्हती. ताईने बोटांनी चाचपून पाहिली. “छान झालीय गं.” आणि घडी करून पर्समध्ये ठेवली.

“घाल ना.”

“घालीन.”

त्या आठवड्यात ती रक्ततपासणीला हॉस्पिटलात जाऊन आली. पुढच्या केमोला भाऊजींना ताप होता, म्हणून ताईबरोबर मी गेले. हॉस्पिटलातला तो हॉल लांबट होता. ओळीने आरामखुर्च्या, प्रत्येकीशेजारी सलाइनचा स्टँड. ताईच्या समोरच्या खुर्चीत एक बाई बसली होती आणि तिच्या डोक्यावर माझी मोरपिशी टोपी होती. माझी विण मी कुठेही ओळखते. मी ताईकडे पाहिलं. ताई शांतपणे सिस्टरपुढे हात धरून बसली होती.

ती बाई विठ्ठलवाडीची होती. पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटायची. बरोबर तिची सून आलेली. ताईने लगेच ओळख करून दिली, “ही माझी बहीण. हिनेच विणलीय.”

त्या बाईच्या एका हाताला नळी होती. तिने दुसरा हात कपाळाला लावून मला नमस्कार केला. “लय हलकी आहे हो. घातलीय ते कळतच नाय. झोपतानापण काढत नाय मी.”

मी हसले. काहीतरी बोललेही असेन. आत नुसती आग झाली होती.

परतताना रिक्षात मी ताईला म्हटलं, “ती मी तुझ्यासाठी केली होती.”

“हो ना. पण तिला हवी होती. साडीचा पदर घट्ट गुंडाळून बसायची बिचारी.”

“आणि तुला?”

“मला नको होती.”

“मग तसं सांगायचंस! चार टोप्या केल्या मी. किती वेळा उसवल्या माहितीय?”

“अगं, चौथी कामाला आली ना? मग झालं तर,” ताई म्हणाली आणि रिक्षावाल्याला डावीकडे घ्यायला सांगितलं.

त्यानंतरच्या आठवड्यात मी गेले तेव्हा तिने माझ्यापुढे एक लिफाफा ठेवला. आत दोऱ्याचे सात तुकडे होते. एकेकीच्या डोक्याभोवती दोरा धरून, जिथे टोकं भेटली तिथे गाठ मारलेली. प्रत्येक दोऱ्याला चिठ्ठी. ‘गुलाबी नको.’ ‘कान झाकले पाहिजेत.’ ‘नमाजाला चालेल अशी, कपाळ मोकळं.’ अक्षर ताईचं, फळ्यावरच्यासारखं गोल.

“हे काय?”

“मापं आहेत. सगळ्यांना सांगितलंय, माझी बहीण करून देईल.”

“मला विचारलंस?”

“तू नाही म्हणणार होतीस का?”

हे असंच चालत आलंय. लहानपणी आमच्या घरी ताई ठरवायची आणि मी करायची. साठीला आले तरी काही बदललेलं नाही. त्या बायकांना नाही म्हणायला माझी जीभ रेटेना, आणि ताईला नाही म्हणायची संधी तिने ठेवलीच नव्हती. सात टोप्या केल्या. मग पाच दोरे आले. मग नऊ.

त्यात सिस्टरच्या अटी. टोपी गरम पाण्यात धुतलेली हवी, वेगळ्या पाकिटात हवी, बटण नको, गोंडा नको. एका तरुण पोरीच्या टोपीला मी दोऱ्याचंच एक छोटं फूल केलं होतं. तासभर घालवला होता त्यावर. सिस्टरने माझ्यासमोर कात्री घेऊन ते कापलं. “झोपताना रुतेल त्यांना,” म्हणाली. तिचंही बरोबर. माझ्याभोवती सगळ्यांचं बरोबरच होतं, आणि मी आपली घरी बसून टाके मोजत होते.

नवरात्र आलं. टेंभी नाक्यावर मांडव पडला, रस्ता बंद झाला, लाउडस्पीकर लागले. ताई म्हणाली, “मी देवीला जाणार.” डॉक्टरांनी गर्दीत जायचं नाही म्हणून बजावलं होतं. भाऊजींनी हात टेकले होते. मी भांडले, काही उपयोग झाला नाही. शेवटी दुपारी दोनला, रांग सगळ्यात कमी असते तेव्हा, मास्क लावून जायचं ठरलं. मी माझ्या पिशवीत एक नवी टोपी घेतली, अबोली रंगाची. तिच्या साडीला जुळणारी.

ताई दारात आली ती तशीच. तुकतुकीत डोकं, कपाळाला मोठं कुंकू, कानात कुड्या.

“टोपी आणलीय मी,” मी म्हटलं.

“राहू दे.”

“ऊन आहे.”

“छत्री घेतलीय.”

आम्ही निघालो. रांगेत बायका वळून वळून बघत होत्या. एक मुलगी आईला काहीतरी विचारायला लागली आणि आईने तिचं तोंड दाबलं. फुलवालीने ताईला हार देताना गजरा पुढे केला आणि मग ओशाळून मागे घेतला. ताईने तो मागून घेतला आणि माझ्या केसांत माळला. माझे कान तापले होते. पिशवीत हात घालून मी ती अबोली टोपी मुठीत धरून ठेवली होती. रांगेतून बाहेर पडून घरी पळावं असं वाटत होतं.

घरी आल्यावर मी फुटलेच. “एवढी काय मिरवायची हौस आहे तुला? बहिणीचं मन राखायला एक दिवस टोपी घातली असतीस तर काय बिघडलं असतं?”

ताई पाणी पीत होती. भांडं खाली ठेवून म्हणाली, “टोपी घातली की आरशात मला पेशंट दिसते. नुसतं डोकं असलं की मी दिसते. आता तूच सांग, काय घालू?”

मी पायात चपला अडकवल्या आणि निघून आले. कोपरला उतरून घरी चालताना मला एकच प्रश्न छळत होता. ऊन काही एवढं नव्हतं. मग मी तिला टोपी कशासाठी घालायला लावत होते? मला उत्तर माहीत होतं आणि ते मला आवडलं नाही.

महिनाभर मी सुया हातात घेतल्या नाहीत. ताईचा फोन आला की यांनाच उचलायला सांगायची. ताईनेही टोप्यांचा विषय काढला नाही. मग दिवाळीनंतर एक दिवस तिचा फोन आला आणि आवाज वेगळा वाटला म्हणून मी घेतला. विठ्ठलवाडीची ती बाई गेली होती. तिची सून हॉस्पिटलात येऊन ताईला भेटली होती. मोरपिशी टोपी धुऊन, इस्त्री करून, खाकी पिशवीत घालून घेऊन आली होती. “आई सांगून गेल्या, दुसऱ्या कुणाला होईल,” असं म्हणाली.

“आण ती इकडे,” मी म्हटलं. “मी ठेवीन.”

“ती मी दिली गं,” ताई म्हणाली. “त्याच दिवशी. एक नवीन बाई आल्यात, त्यांना.”

मी फोन ठेवला आणि रडले. त्या बाईसाठी रडले, हे खरं. पण निम्मं रडू रागाचं होतं, हेही खरं. ती टोपी एकदा हातात घेऊन बघावीशी वाटली होती मला. ताईला ते कळायला हवं होतं. नाही कळलं, किंवा कळूनही तिने दिली. संध्याकाळी मी कपाटातून दोरा काढला आणि राहिलेल्या मापांच्या टोप्या करायला घेतल्या. कुणासाठी ते आता विचारत नव्हते.

संक्रांतीनंतर ताईची केमो संपली. मग रेडिएशन झालं. होळीच्या सुमारास तिच्या डोक्यावर पांढरी लव आली, आणि मग केस, चक्क कुरळे. रिपोर्ट चांगले आहेत. दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं. माझी एकही टोपी तिने कधी घातली नाही.

गेल्या महिन्यात माझा उजवा अंगठा सुजला. डॉक्टर म्हणाले, दीड महिना विणकाम बंद. मी ताईला फोन करून सांगितलं. खोटं कशाला बोलू, जरा आनंदानेच सांगितलं.  ताई म्हणाली, “हॉस्पिटलात चार जणी थांबल्यात. मला शिकव.”

आणि ती आली. आता ताई आठवड्यातून दोनदा कोपरला येते, माझ्या सोफ्यावर बसते आणि माझ्या सुया हातात धरते. मुलांना बीजगणित शिकवलेल्या या बाईला सुलटा टाका आणि उलटा टाका यातला फरक लक्षात राहत नाही. दोरा इतका आवळते की सुई पुढे सरकत नाही. काल तिने विणलेला तुकडा मी हातात घेतला. तो जेमतेम नारळावर बसला असता.

“उसव,” मी म्हटलं.

“सगळं? अगं, बारा ओळी झाल्यात!”

“सगळं.”

“दोन दिवस लागलेत मला याला.”

“माहितीय. उसव.”

ती माझ्याकडे रागाने बघत राहिली. मी हात पुढे केला. मग तिने सुई ओढून काढली, दोऱ्याचं टोक मला दिलं आणि दुसरीकडे तोंड करून बसली. मी एका हाताने दोरा गुंडाळायला लागले.